आधी कलम फोडा, मग माणूस धरा : तपासी अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील पोलीस ठाण्यांचे प्रभारी अधिकारी, तपासी अधिकारी आणि ठाणे अंमलदार यांस,

स.न.वि.वि.

रिमांडच्या कोर्टात येणारे कागद वाचणे हे आमचे रोजचे काम. त्यातली बहुतेक भानगड एकाच ठिकाणी सुरू होते: माणूस आधी ठाण्यात येतो आणि कलम मागून शोधले जाते. हा क्रम सुलटा कसा करायचा, एवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या अटकेच्या कलम ४१ व ४१-अ ची जागा तिच्या कलम ३५ ने घेतली. ठाण्यातले तक्ते बदलले, कलमांचे आकडे पाठ झाले. पण ‘आधी आत घ्या, बाकीचे बघू’ हे वाक्य तसेच राहिले.

इंग्रजी मालिकांमुळे ‘प्रोबेबल कॉज’ हा शब्द हल्ली कोर्टाच्या कँटीनमध्येही ऐकू येतो. तो अमेरिकेच्या राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीतला. आपल्या कायद्यात त्या जागी तीन गोष्टी आहेत: वाजवी तक्रार, विश्वसनीय माहिती, वाजवी संशय. मात्र ७ वर्षांपर्यंत शिक्षेच्या दखलपात्र (ज्यात वॉरंटशिवाय अटक करता येते अशा) गुन्ह्यात यातली एखादी हाती लागली म्हणजे अटक करता येते, असा समज असेल तर तो सोडा. तिच्या आधारावर ‘याच माणसाने हा गुन्हा केला’ असे मानायला कारण हवे आणि शिवाय अटकेची गरजही दाखवता आली पाहिजे. संशय ही पहिली पायरी, वर आणखी दोन आहेत. आणि ‘मानण्यास कारण’ म्हणजे काय, हेही भारतीय न्याय संहितेच्या (गुन्हे आणि शिक्षा सांगणाऱ्या कायद्याच्या) व्याख्यांत दिले आहे: पुरेसे कारण असेल तरच, एरवी नाही. त्यातले ‘एरवी नाही’ हे दोन शब्द फिर्याद वाचताना डोळ्यांसमोर ठेवावेत.

मग प्रश्न येतो, मानायचे काय? ‘फसवले’ असे फिर्यादीत लिहिले म्हणून फसवणूक होत नाही. प्रत्येक कलमाचे सुटे भाग असतात. एकेक भाग कागदावर मांडायचा आणि त्याच्यासमोर हाती असलेला पुरावा लिहायचा. एखाद्या भागासमोरची जागा कोरी राहिली, तर तो गुन्हा निदान आजच्या घडीला उभा राहत नाही. याला फार तर १५ मिनिटे लागतात.

नेहमीचेच उदाहरण घेऊ. शेतकऱ्याने व्यापाऱ्याला १२० क्विंटल कांदा दिला, २,००० रुपये दराने. झाले २ लाख ४० हजार. व्यापाऱ्याने ९० हजार रोख दिले, उरलेल्या दीड लाखाचा चेक दिला. चेक वटला नाही, आता फोनही उचलत नाही. शेतकरी गावातली दहा माणसे घेऊन ठाण्यात आला आहे, त्याचा राग खरा आहे, आणि बाहेरून कोणाचा तरी फोनही येऊन गेला आहे. ठाण्यात न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम ३१८(४) लागते, जोडीला विश्वासघाताचे ३१६ लागते, आणि संध्याकाळी व्यापारी लॉकअपमध्ये असतो.

आता ३१८(४) फोडून बघा. कोणीतरी खोटेपणा करून दुसऱ्याला भुलवले पाहिजे. त्या भुलीमुळेच समोरच्याने माल हवाली केला पाहिजे. आणि लबाडीचा इरादा सौदा होताना, म्हणजे सुरुवातीलाच हवा. नंतर पैसे थकले, यातून तो इरादा आपोआप सिद्ध होत नाही. तेव्हा विचारायचे प्रश्न वेगळेच निघतात. या व्यापाऱ्याकडे बाजार समितीचा परवाना आहे का? फर्मचे नाव, गोदामाचा पत्ता खरा आहे का? चेक ज्या खात्याचा, ते खाते सौद्याच्या दिवशी चालू होते की आधीच बंद पडले होते? त्याच आठवड्यात आणखी किती जणांचा माल उचलला, तो कुठे विकला, आणि आलेले पैसे कुठे गेले? याच दोघांत मागच्या दोन हंगामांत व्यवहार झाले होते का, आणि ते चुकते झाले होते का?

खाते सौद्याच्या आधीच बंद आणि परवानाही खोटा, तर इरादा सुरुवातीचा आहे. दोन वर्षे व्यवस्थित पैसे दिले आणि यंदा भाव कोसळल्यावर हात आखडला, तर ती थकबाकी आहे. त्यासाठी दिवाणी कोर्ट आहे, आणि न वटलेल्या चेकसाठी परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १३८ आहे: बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत मागणीची नोटीस, नोटीस मिळाल्यावर देणेकऱ्याला १५ दिवस, ते संपल्यापासून महिन्याच्या आत थेट दंडाधिकाऱ्यांकडे फिर्याद. या वाटेवर पोलीस ठाणे लागतच नाही. हे शेतकऱ्याला त्याच दिवशी समजावून सांगितले तर त्याची मुदत तरी हुकत नाही. ‘बघतो, बोलावतो’ करत दोन महिने गेले की त्याच्या हातून तेही जाते, आणि हे नुकसान कोणाच्याच हिशेबात येत नाही.

राहिले ३१६. त्यात माल ‘सोपवलेला’ असावा लागतो, म्हणजे मालकी आपलीच राहून ताबा विश्वासाने दुसऱ्याकडे दिलेला. विक्रीत मालकीच बदलते, मग सोपवले काय? २०२४ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात नेमके हेच सांगितले. तिथे कांद्याऐवजी घोड्यांचा दाणा होता आणि बिल थकले होते. त्याच प्रकरणात न्यायालयाने असेही म्हटले की फसवणूक आणि विश्वासघात हे दोन्ही गुन्हे एकाच घटनेवर एकत्र नांदू शकत नाहीत. एकात इरादा सुरुवातीपासून वाईट असतो, दुसऱ्यात तो माल हाती आल्यावर फिरतो. तरीही दोन्ही कलमे जोडीने लावण्याची सवय इतकी मुरली आहे की, कलम निवडताना कोणी फिर्याद पुन्हा वाचली असेल का, अशी शंका येते.

याहून वाईट म्हणजे कलम ‘चढवणे’. ३१८(४) ची कमाल शिक्षा बरोबर ७ वर्षे, म्हणजे गुन्हा ‘७ वर्षांपर्यंत’ या रकान्यातच राहतो आणि अटकेची गरज दाखवावी लागते. ती टाळायला ३१६(५) जोडले जाते, जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षेचे. ते कलम लोकसेवक, बँकर, व्यापारी, दलाल, एजंट अशा नात्याने ज्याच्याकडे मालमत्ता सोपवली त्याच्यासाठी आहे. ‘व्यापारी’ हा शब्द दिसला म्हणून कांद्याचा व्यापारी त्यात बसत नाही, कारण सोपवणे हा पहिलाच भाग तिथे गायब आहे.

मारामारीच्या गुन्ह्यांत हीच गोष्ट दवाखान्याच्या दाखल्यावर येऊन अडते. साधी दुखापत, कलम ११५(२), अदखलपात्र आहे. तिथे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास नाही, वॉरंटशिवाय अटक नाही. गंभीर दुखापत कोणती, हे कलम ११६ मध्ये मोजून दिले आहे: डोळा, कान, अवयव, सांधा, चेहऱ्याची कायमची विद्रूपता, हाड किंवा दात मोडणे अथवा निखळणे, आणि शेवटी जिवावर बेतणारी किंवा १५ दिवस तीव्र वेदनेत ठेवणारी, नेहमीचे कामकाज बंद पाडणारी इजा. जुन्या कायद्यात हे २० दिवस होते. दाखल्यावर ‘२० दिवस’ शोधणारे अंमलदार अजून भेटतात.

पण दाखला हा अर्धाच भाग. कलम ११७ ला गंभीर दुखापत प्रत्यक्षात व्हावी लागते, शिवाय ती करण्याचा हेतू किंवा ती होण्याचा संभव असल्याची जाणीवही आरोपीला असावी लागते. पार्किंगच्या वादात एकाने ढकलले, दुसरा पायरीवर पडला, मनगट मोडले. एक्स-रेमध्ये फ्रॅक्चर आहे, पण ढकलणाऱ्याच्या मनात काय होते हे एक्स-रे सांगत नाही. त्यासाठी साक्षीदार, सोसायटीचा कॅमेरा, आधीचे बोलणे बघावे लागते. हाच फरक ११८ (घातक हत्याराने दुखापत) आणि १०९ (खुनाचा प्रयत्न) मध्ये आणखी टोकाला जातो. हत्यार दिसले की खुनाचा प्रयत्न, हे समीकरण चुकीचे आहे. वार शरीराच्या कोणत्या भागावर, किती जोराचा, किती वेळा, आणि थांबला तो स्वतःहून की कोणी आडवे आले म्हणून, याची उत्तरे पंचनाम्यात आणि जबाबात नसतील तर १०९ हा नुसता आकडा उरतो.

आणि पाच नावांचा खेळ. दोन घरांच्या भांडणात शेजारपाजारचे धरून पाच नावे भरली की बेकायदा जमाव आणि दंग्याची कलमे लागतात. ती दखलपात्र आहेत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४(४) मुळे एक जरी कलम दखलपात्र असले तरी सगळे प्रकरण दखलपात्र होते. म्हणून पाचव्या नावाने नेमके काय केले, हे फिर्यादीत शोधा. ‘तेथे हजर होता’ एवढेच असेल तर तो पाचवा नाही. मग चौघेच उरतात आणि त्या कलमांचा पायाच निघून जातो.

चोरीच्या बाबतीत एक नवा भाग ध्यानात ठेवा: किंमत. नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र रकान्यात गेली आहे. चोरीला गेलेला चार वर्षांचा जुना मोबाईल फिर्यादी १८,००० चा सांगतो, कारण त्याने तो तेवढ्याला घेतला होता. आजची किंमत काय, हे कुठेच लिहिलेले नसते. दखलपात्र की अदखलपात्र हे ज्या एका आकड्यावर ठरते, तो अंदाजाने टाकू नका.

सगळे भाग जुळले, असे धरू. तरी ७ वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटकेची गरज वेगळी दाखवावी लागते: पुढचा गुन्हा रोखणे, नीट तपास, पुरावा नष्ट होऊ न देणे, साक्षीदारांवर दबाव टाळणे, कोर्टात हजेरीची खात्री. यातले एकही कारण नुसती खूण करून भरता येत नाही. ‘पुरावा नष्ट करेल’ म्हणजे कोणता पुरावा? खात्याचा उतारा बँकेकडे आहे, आणि तो मागवायला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ चे पत्र पुरते. तो आरोपी कसा नष्ट करणार? उलट ‘बनावट शिक्क्यांचे पावती पुस्तक अजून जप्त झालेले नाही, ते आरोपीच्या ताब्यात असल्याचे दोन साक्षीदार सांगतात’, हे कारण झाले. अर्णेश कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१४ रोजी तपासयादी भरून ती दंडाधिकाऱ्यांसमोर ठेवायला सांगितले. ठिकठिकाणी त्या यादीचा छापील फॉर्म झाला, आणि सगळ्या आरोपींची कारणे शब्दशः सारखी येऊ लागली. अटक करायची नाही असे ठरवले, तर तीही कारणे लेखी नोंदवावी लागतात. हे बहुतेक ठिकाणी सुटते.

‘दोषारोपपत्र पाठवायचे आहे म्हणून अटक दाखवतो’ हे कारण तर धरूच नका. सिद्धार्थ विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या २०२१ च्या निकालात ते संपले आहे.

अटकेची गरज नसेल तेव्हा कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस. ती हातोहात द्या आणि पोच घ्या. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली नोटीस ही नोटीस नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावले आहे. दोन निळ्या टिकांचा स्क्रीनशॉट रिमांड अहवालाला जोडून ‘नोटीस देऊनही हजर राहिला नाही’ असे लिहिणे म्हणजे स्वतःच्या अटकेला स्वतः सुरुंग लावणे. नोटिशीप्रमाणे येत राहणाऱ्याला धरायचे, तर नवी कारणे लेखी हवीत. वय ६० च्या वर किंवा आजारी-अशक्त माणूस आणि शिक्षा ३ वर्षांपेक्षा कमी असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची आधी परवानगी लागते. ‘३ वर्षांपेक्षा कमी’ हे शब्द नीट वाचा. विवाहितेच्या छळाचे कलम ८५ पूर्ण ३ वर्षांचे, म्हणून ते या उपकलमात येत नाही. सासू-सासऱ्यांचे संरक्षण तिथे ७ वर्षांच्या सर्वसाधारण नियमातून येते, आणि ते पुरेसे आहे.

आता प्रत्यक्ष अटक. सध्या सर्वाधिक अटका इथेच कोसळत आहेत. कोठडीचे अर्ज आता ‘पुरावा किती’ यावर पोहोचण्याआधीच ‘कागद कधी दिला’ यावर अडतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२(१) प्रमाणे अटकेचा आधार सांगायचा असतो. पंकज बन्सल (२०२३) आणि प्रबीर पुरकायस्थ (२०२४) या निकालांनी विशेष कायद्यांखालच्या अटकेत तो लेखी मागितला. विहान कुमार निकालात, ७ फेब्रुवारी २०२५ रोजी, न्यायालयाने सांगितले की आधार कळवला हे सिद्ध करण्याचे ओझे पोलिसांवर आहे आणि बायकोला कळवले म्हणजे आरोपीला कळवले असे होत नाही. आणि ६ नोव्हेंबर २०२५ रोजी, आपल्याच राज्यातल्या मिहीर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात, ही अट सगळ्या गुन्ह्यांना लागू झाली: आधार लेखी, आरोपीला समजणाऱ्या भाषेत. त्या क्षणी लेखी देणे शक्यच नसेल तर तोंडी सांगा, पण रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान २ तास आधी कागद त्याच्या हातात हवा. नाहीतर अटक आणि कोठडी दोन्ही बेकायदा.

‘कारणे’ आणि ‘आधार’ यांची गल्लत सर्रास होते. ‘पुरावा नष्ट करेल, पळून जाईल’ ही अटकेची कारणे, कोणालाही लागू पडतील अशी. आधार म्हणजे याच माणसाविरुद्ध काय आहे ते. ठाण्यातून सहसा असा कागद येतो: ‘आपण गु.र.नं. अमुक, भा.न्या.सं. कलम ३१८(४) मधील निष्पन्न आरोपी असून आपणास अटक करण्यात येत आहे.’ यात आधाराचा एक शब्द नाही. असे लिहा: ‘अमुक तारखेच्या कांदा सौद्यात तुम्ही परवानाधारक व्यापारी असल्याचे फिर्यादीला सांगितले. बाजार समितीच्या पत्राप्रमाणे तुमच्या नावे परवाना नाही. तुम्ही दिलेल्या चेकचे खाते सौद्याच्या १९ दिवस आधी बंद झाल्याचे बँकेचे पत्र आहे. त्याच आठवड्यात आणखी ४ शेतकऱ्यांचा माल याच रीतीने घेतल्याचे त्यांचे जबाब आहेत.’ चार ओळी. कलमाचा प्रत्येक भाग त्यात आला, आणि वकिलाला जामिनात काय खोडायचे तेही कळले. सुरुवातीला ती १५ मिनिटे दिलेली असतील, तर हा कागद आयताच तयार असतो. दिलेली नसतील, तर तो लिहिता येणार नाही, आणि लिहिता येत नाही याचाच अर्थ अजून अटकेची वेळ झालेली नाही.

भाषेचे म्हणाल तर मराठी कागद बंगाली किंवा तेलुगू मजुराच्या अंगठ्यासह येतो आणि खाली शेरा असतो: ‘समजावून सांगितले.’ कोणी, कोणत्या भाषेत, किती वाजता? दुभाष्याचे नाव आणि सही घ्यायला पाच मिनिटे लागतात.

शेवटी घड्याळ. २४ तास रजिस्टरमधल्या अटकेच्या वेळेपासून मोजायचे नसतात. माणसाचे जाणे-येणे तुमच्या हाती गेले, तेव्हापासून ते चालू होतात. सकाळी ११ ला ‘चौकशीसाठी’ आणले, फोन काढून घेतला, बाकावर बसवले, आणि रात्री ९:४० ला अटक दाखवली, तर मधले जवळजवळ पावणेअकरा तास हवेत जात नाहीत. त्यातून फक्त न्यायालयापर्यंतच्या प्रवासाचा वेळ वजा होतो. परमवीर सिंग सैनी निकालानंतर (२ डिसेंबर २०२०) ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचे चित्रण १८ महिने जपायचे आहे, आणि आम्ही ते मागतो. त्याच दिवशीचे नेमके बंद निघाले तर ‘तांत्रिक बिघाड’ हे उत्तर कोर्टाला दरवेळी पटतेच असे नाही. सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करायची तर अपवादात्मक परिस्थिती, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, तिन्ही लागतात. महिला अंमलदार सोबत होती, एवढ्याने भागत नाही.

अटक बेकायदा ठरली तरी तपास संपत नाही, गुन्हा पुसला जात नाही. आधार लेखी देऊन, आधी का दिला नाही हे सांगून, कोठडीसाठी पुन्हा अर्ज करता येतो. पण मधल्या काळात आरोपी बाहेर असतो, शिक्क्यांचे ते पावती पुस्तक अजून सापडलेले नसते, आणि कायद्याविरुद्ध आहे हे जाणूनबुजून डांबणाऱ्या अधिकाऱ्यासाठी न्याय संहितेत कलम २५८ आहे, ७ वर्षांपर्यंतचे. बिनबुडाच्या अटकेला कारण ठरलेल्या फिर्यादीकडून मात्र नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९९ खाली जास्तीत जास्त १,००० रुपये भरपाई मिळते. हा आकडा बदलणे तुमच्या हातात नाही, म्हणून तो विषय इथेच सोडतो.

तुमच्या हातात आहे ते एवढे: प्रत्येक ठाण्यात नेहमीच्या वीस-पंचवीस कलमांची भागवार फोड असलेली एक वही, आणि आधाराच्या कागदाचे मराठी, हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड, गुजराती कोरे नमुने, ज्यात घटनेचा मजकूर हाताने भरायचा आहे. छापून ठेवायचा नाही.

कळावे.

आपले,
फौजदारी न्यायालयांत काम करणारे काही वकील